कुंडीतलं लिंबू, पिशवीतल्या संत्रा कलमा : थंडीत पानं का गळतात आणि काय करायचं?

वरुड : आठ दिवसांपासून वरुड-मोर्शी पट्ट्यात थंडीनं चांगलाच जोर धरला आहे. सकाळी सातपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि चौकाचौकात शेकोट्या पेटल्या आहेत. माणूस शेकोटीजवळ बसतो, ढोरं गोठ्यात बांधली जातात. पण अंगणातल्या डब्यात लावलेलं लिंबू आणि नर्सरीतल्या पिशव्यांमधल्या संत्रा कलमा रात्रभर उघड्यावरच उभ्या असतात.

परवा शेजारच्या काकूंनी आवाज दिला. "भाऊ, जरा पाहून जा बरं. लिंबाची पानं गळून रायली. पाणी तं रोजच देणं चालू आहे." जाऊन पाहिलं तर रंगाच्या जुन्या बादलीत लावलेलं कागदी लिंबू. माती चिखलासारखी ओली, बादली थेट फरशीवर ठेवलेली, खाली हिरव्या पानांचा सडा पडलेला. ना कीड, ना रोग. झाडाला थंडी लागली होती आणि वरून रोजच्या पाण्यानं त्याचे हाल वाढवले होते.

काकूंना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. कारण हीच चूक काही वर्षांपूर्वी मी स्वतः केली आणि तीनशे पिशव्यांपैकी निम्म्या कलमा गमावून बसलो. ती गोष्ट पुढे येईलच.

शेतातल्या झाडाला होत नाही, मग कुंडीतल्याला का होतं?

संत्रा, मोसंबी, लिंबू ही सगळी गरम हवेतली झाडं. साधारण १३ अंशांच्या खाली तापमान गेलं की त्यांची वाढ जवळपास थांबते. मुळं पाणी आणि अन्न ओढायचं काम फार कमी करतात.

शेतातल्या झाडाची मुळं जमिनीत असतात. जमीन ही मोठी गोधडी आहे. एक फूट खोल गेलं की दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात जेमतेम फरक राहतो. रात्री हवा ६ अंशांवर आली तरी खालच्या मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

कुंडीचं तसं नाही. कुंडीला, बादलीला, पिशवीला चारही बाजूंनी हवा लागते. मूठभर माती, ती रात्रभरात हवेइतकीच थंड होते. म्हणजे शेतातल्या झाडाचं फक्त डोकं थंडीत असतं, कुंडीतलं झाड पायापासून डोक्यापर्यंत थंडीत उभं असतं.

आता सकाळ होते. नऊ-दहाला ऊन चढतं, पानं तापतात आणि पाणी मागतात. पण खाली माती अजून गारच असते. मुळं पाणी देत नाहीत. झाड बिचारं काय करणार? पानं टाकून देतं. आपल्याला वाटतं झाड तहानलं, म्हणून आपण आणखी पाणी ओततो. गार मातीत ते पाणी उठत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज सुरू होते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या भागात हवा शून्याखाली क्वचितच जाते. त्यामुळे इथं कुंडीतली झाडं बर्फानं मरण्यापेक्षा गार मुळं आणि जास्तीचं पाणी या जोडीनं जास्त मरतात.

कोणती रात्र धोक्याची?

प्रत्येक थंड रात्र सारखी नसते. आभाळ निरभ्र, वारा पूर्ण बंद आणि हवा कोरडी, ही घातकी रात्र. ढग असले की जमिनीची उष्णता वर निसटत नाही. थोडा वारा असला की वरची गरम हवा खाली मिसळते. दोन्ही नसले की जमीन आपली उब सरळ आभाळाला देऊन टाकते आणि सर्वात गार हवा जमिनीलगत साचते.

ओळखायची सोपी खूण चुलीच्या धुरात आहे. संध्याकाळी धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला आणि घरांच्या उंचीवर चादरीसारखा लटकून राहिला, तर समजा खाली गार हवा अडकली आहे. त्या रात्री झाकायची तयारी ठेवा.

आणखी एक. मोबाइलवर किंवा बातमीत जे किमान तापमान येतं, ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. जमिनीलगत ते त्याहून तीन-चार अंशांनी कमी असू शकतं. बातमीत ५ अंश असेल तर तुमच्या जमिनीवर ठेवलेल्या पिशवीतल्या फुटव्यासाठी ती रात्र १-२ अंशांची असू शकते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. अशा रात्री सखल जागेत गवतावर दव गोठलेलं दिसतं ते यामुळेच.

सपाट भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त घसरलं, किंवा थेट ४ अंशांपर्यंत आलं, तर हवामान विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो. 'मेघदूत' ॲपवर आपल्या भागाचा अंदाज मराठीत मिळतो. संध्याकाळी एकदा बघायची सवय लावा.

कोणतं झाड किती सोसतं?

सगळ्यात नाजूक कागदी लिंबू. त्याच्या जोडीला ईडलिंबू आणि महाळुंग. मोसंबी मधली. संत्रा त्या मानानं काटक. म्हणजे घरी जागा थोडीच असेल आणि दोन-तीनच कुंड्या आत घेता येत असतील, तर आधी लिंबू उचला, संत्रा नंतर.

वयाचाही फरक पडतो. जुनं, पक्क्या हिरव्या पानांचं झाड बरंच सोसतं. कोवळी पोपटी फूट असेल तर तीच आधी करपते. म्हणूनच दिवाळीनंतर कुंडीला युरिया देऊ नका. युरिया दिला की ऐन थंडीत कोवळी फूट येते आणि पहिल्याच गार रात्री काळी पडते. छाटणीचंही तसंच. नोव्हेंबर ते जानेवारी कात्री बाजूला ठेवा.

जागा बदला, अर्ध काम होतं

कुंडीचा एकच मोठा फायदा आहे, ती उचलता येते. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून संत्र्याची झाडं मोठ्या लाकडी पेट्यांमध्ये लावतात. हिवाळा आला की पेट्या जाड भिंतींच्या आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या एका मोठ्या इमारतीत नेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा बाहेर काढतात. जाड भिंत आणि दक्षिणेचं ऊन हाच त्या व्यवस्थेचा पाया. आपल्याला राजवाडा नको, घराची भिंत पुरते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. घराच्या दक्षिण बाजूच्या भिंतीला दिवसभर ऊन मिळतं, भिंत तापते आणि रात्री ती उब हळूहळू सोडते. कुंडी त्या भिंतीला लागून ठेवा. मातीची किंवा विटांची भिंत असेल तर फारच चांगलं. उत्तरेकडून येणारा गार वाराही घरच अडवतं.

कुंडी थेट फरशीवर किंवा सिमेंटवर ठेवू नका. खाली दोन विटा किंवा लाकडाची फळी द्या, म्हणजे पाणीही निघून जातं. पाच-सहा कुंड्या असतील तर एकमेकींना चिकटवून ठेवा. सर्वात लहान आणि नाजूक झाड मधोमध. कळपात वासरू जसं मधे राहतं तसं.

भिंतीची सोय नसेल तर मोठ्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली ठेवलं तरी चालतं. वर पाला असला की उब आभाळात निसटत नाही. मात्र दिवसा चार-पाच तास ऊन मिळेल असं बघा. टिनाच्या शेडखाली ठेवणार असाल तर रात्री टिनावरून दवाचं गार पाणी टपकतं, ते झाडावर पडू देऊ नका.

कुंडीला पांघरूण, झाडाला चादर

कुंडीभोवती बारदाना दोन पदरी गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. बारदान्याच्या आत सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार भरलं तर आणखी उब राहते. वर मातीवर दोन-तीन इंच कुटाराचा थर द्या. खोडाला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा. नाहीतर खोडाशी ओल राहते आणि डिंक्या लागतो.

झाडावर रात्री जुनी साडी, धोतर किंवा बारदाना टाका. चार काड्या रोवून त्यावर कापड टाकलं तर उत्तम, म्हणजे पानांना दाब पडत नाही. कापड जमिनीपर्यंत लोंबू द्या. जमिनीतून वर येणारी उब त्याच्या आत अडकते. फक्त शेंड्याला गुंडाळून खाली गाठ मारली तर खालून येणारी उब बाहेरच राहते.

आता माझी गोष्ट. त्या वर्षी थंडीची बातमी ऐकून मी घाईघाईत बाजारातून पांढरं प्लॅस्टिक आणलं आणि तीनशे पिशव्यांवर थेट पसरलं. काड्या नाहीत, कमान नाही. वरून दगड ठेवले. प्लॅस्टिक पानांना चिकटलं, आतल्या बाजूनं पाणी सुटलं आणि जिथं जिथं पान प्लॅस्टिकला टेकलं तिथं तिथं ते करपलं. दुसऱ्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेलो, प्लॅस्टिक काढायचं राहून गेलं. दुपारच्या उन्हात आत भट्टी झाली. परत आल्यावर पानं सुकलेली बघून मी पाइप लावून भरपूर पाणी सोडलं. आठवड्याभरात बुडं काळी पडायला लागली. दीड वर्षाची मेहनत आणि त्या हंगामाचे पैसे तीन चुकांत गेले. थंडीनं त्यातलं फार थोडं नेलं, बाकी सगळं माझ्याच हातानं गेलं.

म्हणून सांगतो, प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर बांबूच्या कमानीवर ताणा, पानाला टेकू देऊ नका. आणि झाकण कोणतंही असो, सकाळी नऊच्या सुमारास काढायची जबाबदारी घरातल्या एकाची नक्की करा.

पाणी : कधी, किती आणि कोणतं?

ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा जास्त उब साठवते आणि रात्री हळू थंड होते. त्यामुळे थंडीत पाणी बंद करायचं नाही. पण रोजही द्यायचं नाही. कुंडीत बोट दोन पेरं आत खुपसा. कोरडं लागलं तरच द्या. बहुतेक घरी चार ते सहा दिवसांतून एकदा पुरतं.

वेळ दुपारी बारा ते तीन. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे नको. पानांवर पाणी मारू नका, फक्त मातीत द्या.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं. विहिरीतून किंवा बोअरमधून ताजं काढलेलं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, कारण ते जमिनीच्या पोटातलं असतं. तेच द्या. लाइन रात्रीच येत असेल तर पाणी ड्रममध्ये भरून ठेवा, दिवसभर उन्हात राहू द्या आणि दुपारी द्या.

कुंडीखालचं भोक मोकळं आहे का तेही बघून घ्या. आपली काळी माती एकटीच भरली असेल तर ती हिवाळ्यात चिखल धरून बसते. पुढच्या वेळी त्यात पोयटा, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

शेकोटी, बल्ब आणि पाण्याचे डबे

धूर केला की थंडी पळते असा समज आहे. खरं म्हणजे काम धुराचं कमी आणि विस्तवाच्या उबेचं जास्त असतं. एकच मोठी शेकोटी केली तर गरम हवा सरळ वर निघून जाते. करायचंच असेल तर वारा नसताना, कडेकडेनं लहान-लहान चार-पाच ठिकाणी करा. पिशव्या, बारदाना, कुटार आणि कडबा जवळ असताना मात्र हा खेळ करू नका. एका ठिणगीत सगळं जाईल.

काही जण झाकणाखाली बल्ब लावतात. जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब असेल तर उब मिळते. एलईडी बल्बचा उबेसाठी उपयोग जवळपास नाही. आणि ओल्या जागेत उघडी वायर म्हणजे जिवाशी खेळ, घरात लेकरंबाळं असतील तर नकोच.

यापेक्षा बिनखर्चाचा उपाय म्हणजे पाणी. २० लिटरचे रिकामे डबे पाण्यानं भरा आणि दिवसा उन्हात कुंड्यांच्या मधे ठेवा. रात्री सगळ्यांवर मिळून चादर टाका. २० लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना जेवढी उब सोडतं, तेवढी उब १०० वॅटचा जुना बल्ब सव्वादोन तास जाळल्यावर मिळते. असे चार डबे ठेवले तर हिशेब तुम्हीच करा. वीजबिल शून्य, आगीची भीती नाही.

नर्सरीवाल्यांसाठी

शेंदुरजनाघाट आणि आसपासच्या गावांत संत्रा कलमांवर कित्येक घरं चालतात. पिशव्यांमधल्या रोपांना वरचे सगळे नियम लागू आहेतच, पण चार गोष्टी वेगळ्या.

एक, कडेच्या ओळी आधी मरतात. पिशव्या चिकटवून वाफा करा आणि बाहेरच्या ओळीभोवती पिशवीच्या उंचीइतकी माती किंवा कुटाराची भर द्या. काळी पिशवी रात्री गार होते तशी दिवसा उन्हानं तापतेही, भर दिली की दोन्हीपासून बचाव होतो.

दोन, उत्तरेच्या बाजूला तुराट्यांचा कूड किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करा. पण नर्सरी उताराच्या तळाशी असेल तर खालची बाजू बंद करू नका. गार हवा पाण्यासारखी उतारानं वाहते, तिला निघायला वाट हवी.

तीन, जंभेरीच्या खुंटावर डोळा भरायचं काम कडाक्याच्या थंडीत टाळा. रस चालत नाही, साल सुटत नाही, भरलेला डोळा फुटायला वेळ लागतो आणि बरेच डोळे वाया जातात.

चार, बागेतल्या मोठ्या झाडांना आंबिया बहारासाठी आपण ताण देतो. हा ताण पिशवीतल्या रोपाला द्यायचा नाही. त्याला बहार धरायचा नाही, जगायचं आहे.

झाडाला थंडी लागलीच तर?

पानं पिवळी पडली म्हणून लगेच दुकानात धावू नका. मातीत अन्न असूनही गार मुळं ते उचलत नाहीत, म्हणून पिवळेपणा येतो. माती तापली की बऱ्याचदा आपोआप हिरवेपणा परततो. अशा वेळी खत ओतलं तर मुळांना अपायच होतो.

पानं पटापट गळून पडली तर ती त्यातल्या त्यात बरी खूण आहे, काडी जिवंत आहे. पानं वाळून काडीलाच चिकटून राहिली तर काडी मेलेली असण्याची शक्यता जास्त. नखानं साल थोडी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर तेवढा भाग गेला.

तरीही लगेच कापू नका. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा. नवी फूट आली की कुठपर्यंत जिवंत आहे हे झाडच दाखवतं. मग हिरव्या भागापर्यंत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. घरच्या एका कुंडीसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर घ्या. लोखंडी भांडं वापरू नका.

फूट कुठून आली तेही नीट बघा. कलम बांधलेल्या जागेच्या वरून आली तर संत्रा वाचला. खालून आली तर ती जंभेरीची फूट आहे. ती जोमानं वाढते, माणूस खूश होतो आणि चार वर्षांनी आंबट जंभेरी तोडत बसतो. खालची फूट दिसताच काढून टाका.

थंडीचंही देणं आहे

एवढं सगळं वाचून कुंडी स्वयंपाकघरात नेऊन दोन महिने कोंडून ठेवू नका. लिंबूवर्गीय झाडांना थोडी थंडी हवीच असते. डिसेंबर-जानेवारीचा गारवा आणि विश्रांती मिळाली तरच पुढं आंबियाची फुलं येतात. आपल्याला टाळायच्या आहेत त्या वर्षातल्या आठ-दहा घातकी रात्री, आणि त्यानंतरच्या सकाळची आपली घाई.

काकूंची बादली आम्ही त्याच दिवशी दक्षिणेच्या भिंतीला लावली. खाली विटा, भोवती बारदाना, पाणी पाच दिवस बंद. काल जाऊन नखानं साल खरवडली, आत हिरवी आहे. "म्हणजे वाचते ना बा?" काकूंनी विचारलं. वाचेल काकू. फक्त फेब्रुवारीपर्यंत कात्री आणि युरिया दोन्ही लपवून ठेवा.